सातबारावर वडिलांचे नाव आणि हातात तीस दिवस: पेट्रोल पंपाच्या एका अर्जाचे प्रकरण

पार्श्वभूमी

२५ नोव्हेंबर २०१८ हा रविवार. त्या दिवशी इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांची पेट्रोल पंपांसाठी विक्रेते नेमण्याची एकत्र जाहिरात आली. ठिकाणे ५५ हजारांहून अधिक होती. महाराष्ट्रातल्या ठिकाणांसाठी अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि शेवटची तारीख होती २४ डिसेंबर, सोमवार. म्हणजे मोजून तीस दिवस.

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, गट नंबर आणि कंपनी दिलेली नाही. राज्य महामार्गाचा एक टप्पा खुल्या प्रवर्गासाठी जाहीर झाला होता आणि प्लॉट हवा होता ३५ मीटर बाय ३५ मीटर. अर्जदार ३३ वर्षांचे, बारावी पास. तालुक्याच्या गावी त्यांचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान. वय २१ ते ६० आणि शिक्षण किमान दहावी, या दोन अटींत ते सहज बसत होते. घरची २ हेक्टर १० आर जमीन नेमकी त्याच टप्प्यात रस्त्याला लागून होती, दर्शनी बाजू ८२ मीटर. वरवर पाहता याहून सोपा अर्ज दुसरा नसावा.

अडचण

सोमवारी सातबारा काढला तेव्हा भोगवटादाराच्या रकान्यात वडिलांचे नाव होते. वडील २०१४ मध्ये वारले होते. वारसनोंद कोणी केलीच नव्हती. पीक येत होते, सोसायटीत नाव चालत होते, त्यामुळे कोणाचे अडलेही नव्हते. खेड्यापाड्यांत असे सातबारे ढिगाने सापडतात.

इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता, तोही वडिलांच्या नावावर.

वारस चार: आई, दादा (मोठे भाऊ), ताई (विवाहित बहीण) आणि अर्जदार. ताई पुण्याला, दादा नोकरीसाठी मस्कतला.

आता कंपन्यांच्या विक्रेता निवडीच्या नियमपुस्तिकेतला कळीचा मुद्दा. त्या फेरीत अर्जांचे तीन गट होते. गट १ मध्ये ज्यांच्याकडे जागा मालकीची किंवा किमान १९ वर्षे ११ महिन्यांच्या भाडेपट्ट्याने आहे असे अर्जदार. गट २ मध्ये ज्यांना दुसऱ्या कोणी जागा विकण्याचा वा भाड्याने देण्याचा पक्का प्रस्ताव दिला आहे ते. गट ३ मध्ये जागा न दाखवणारे. सोडत आधी गट १ ची. तिथे पात्र कोणीच उरले नाही तर गट २, आणि त्यानंतर गट ३. महामार्गालगतच्या टप्प्यात गट १ रिकामा राहणे जवळपास अशक्य असते, कारण रस्त्याकडेच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात एखादा तरी दहावी पास असतोच. त्यामुळे इथे गट २ किंवा ३ मधून अर्ज करणे म्हणजे शुल्क भरून वाट पाहत बसणे.

जागेची कागदपत्रे कोणत्या तारखेची हवीत, याबाबत बहुतेकांची गफलत होते. जाहिरातीत ठळक छापलेली असते ती अखेरची तारीख. पात्रता मात्र मोजली जाते अर्जाच्या तारखेला, म्हणजे तुम्ही ज्या दिवशी ‘सबमिट’ दाबता त्या दिवशी. जमिनीचा हक्क, भाडेपट्टा, संमतीची प्रतिज्ञापत्रे, वय, सगळे त्या तारखेला जागेवर असायला हवे. ५ डिसेंबरला अर्ज भरून २० डिसेंबरला भाडेपट्टा नोंदवला, तर २४ तारखेच्या आत असूनही तो उशिराच. आणि एकदा भरलेल्या अर्जात दुरुस्ती नाही.

दिवसांचा हिशेब

२६ तारखेच्या रात्री अर्जदार आणि त्यांचे वकील कॅलेंडर उलटे मोजत बसले. २४ ला सोमवार, २३ ला रविवार, २२ ला चौथा शनिवार. तेव्हा राज्य सरकारी कार्यालयांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असे. म्हणजे सरकारी शिक्का लागणारे प्रत्येक काम शुक्रवार, २१ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत उरकायला हवे. तीसचे दिवस तिथेच सत्तावीसवर आले, त्यातला रविवार गेलेला आणि सोमवार सातबारा काढण्यात.

वारसनोंदीचा रस्ता असा. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा). त्यावरून गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद, मग नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या हक्कातल्या बदलाची नोंद. संबंधितांना नोटीस, चावडीवर प्रत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे हरकतीसाठी १५ दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे पंधरा दिवस कोणाच्याही ओळखीने कमी होत नाहीत. कमी-जास्त होतात ते दोन्ही टोकांचे दिवस: अर्ज दिल्यापासून फेरफार धरेपर्यंतचे, आणि मुदत संपल्यापासून मंडळ अधिकाऱ्यांची सही होईपर्यंतचे.

त्यातून ते वर्ष दुष्काळाचे. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि तलाठी-मंडळ अधिकारी त्या कामात पार अडकले होते. शेवटच्या टोकाला चार-पाच दिवस राखून ठेवणे भाग होते. मागे मोजत गेल्यावर निघाले की फेरफार फार तर ३० नोव्हेंबरपर्यंत धरला गेला पाहिजे. म्हणजे अर्ज द्यायला उरले होते दोन-तीन दिवस.

कोणते पर्याय होते

*आईच्या नावाने अर्ज.* नातेवाइकांची पहिली सूचना हीच होती. आईंच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५७. एके काळी मास्तरांनी निम्म्या वर्गाला १ जून लावलेला असायचा, खरे वय काहीही असो. दाखल्याप्रमाणे त्यांना ६१ पूर्ण झालेली. पर्याय संपला.

*शेजाऱ्याची जागा भाडेपट्ट्याने.* शेजारी तयार होते. सातबारा पाहिल्यावर कळले की जमीन मदतमाश इनामातली (पूर्वी निर्वाहासाठी इनाम दिलेली), भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधने असलेली. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय असा व्यवहार टिकत नाही आणि ती परवानगी तीस दिवसांत मिळत नाही. मराठवाड्यात पंपासाठी जागा पाहताना सातबाराचा हा कोपरा आधी वाचावा, दर्शनी बाजू नंतर.

*तेवढाच तुकडा खरेदी करणे.* ३५ बाय ३५ म्हणजे १२२५ चौरस मीटर, १२.२५ आर, साधारण बारा गुंठे. शेतजमिनीचा एवढा तुकडा तेव्हा प्रमाणभूत क्षेत्राच्या (कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राच्या) खाली येत असे आणि तुकडेबंदी कायदा आडवा येई. खरेदीखत कसेबसे झाले तरी फेरफार अडला असता, आणि सातबारावर नाव आले नाही तर छाननी करणाऱ्या समितीपुढे काय ठेवणार?

*पुढच्या गावच्या जमीनमालकाकडून पक्का प्रस्ताव, म्हणजे गट २.* वर्ग १ ची जमीन, मालक विकायला राजी. कागद दोन दिवसांत होणारा. उणीव एकच, वर सांगितलेली: गट २ पर्यंत पाळी येण्याचा संभव फार कमी.

*घरची जमीन, वारसनोंद करून, गट १.* जमिनीपुरते आई-वडील, भाऊ-बहीण हे अर्जदाराचे कुटुंब धरले जात होते. म्हणून वाटणी करायची गरज नव्हती. चौघांची नावे सामाईक लागली आणि बाकी तिघांनी ठरलेल्या नमुन्यात संमती दिली, तर पुरे. वाटणी नाही म्हणून तुकडेबंदीचा प्रश्नही नाही.

कायद्याच्या अंगाने एक मुद्दा वकिलांनी मांडला. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती वडील गेले त्याच क्षणी वारसांकडे आली, फेरफार ही महसुली नोंद. मग प्रमाणित होण्याची वाट न पाहता, मृत्यू दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र यांच्या जोरावर गट १ मध्ये अर्ज का करू नये? युक्तिवाद बरोबर आहे. कोर्टात तो चालेलही. पण छाननी करणारा माणूस समोर सातबारा ठेवतो आणि अर्जाच्या तारखेला त्यावर कोणाचे नाव होते ते पाहतो. अर्ज बाद झाल्यावर खरे मालक आपणच होतो हे सिद्ध करत बसण्यात वर्षे जातात आणि तोवर त्या टप्प्यावर दुसऱ्याचा पंप उभा राहतो. तेव्हा हा मार्ग शेवटचा उपाय म्हणूनही ठेवायचा नाही असे ठरले.

पहिला निर्णय: हक्कसोड की संमती

घरात खरी चर्चा झाली ती ताईंवरून. चुलत्यांचे म्हणणे, चार नावे लावायचीच कशाला. ताईंकडून हक्कसोडपत्र करून घ्या, दादांकडूनही घ्या, म्हणजे सातबारा सुटसुटीत होईल. हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि देणाऱ्याला तो व्यवहारी वाटतो.

इथे तो तीन कारणांनी चुकीचा होता. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते, आणि दादा मस्कतला. ते नोंदवले तरी त्याचा फेरफार वेगळा, त्याचे पंधरा दिवस वेगळे. आणि मुळात पुस्तिकेला त्याची गरजच नव्हती, कारण बहिणीचा हिस्सा कुटुंबाचाच धरला जात होता.

ताईंनी फोनवर एका वाक्यात विषय संपवला: “पंप तू टाक, मी सही देते, पण वावरात माझं नाव राहू दे.” त्यांच्या संमतीपत्रात मग १२.२५ आर, त्याच्या चतुःसीमा आणि पंपाचा उद्देश एवढेच लिहिले. बाकीच्या जमिनीतला हिस्सा अबाधित. हक्कसोडीसाठी आग्रह धरला असता तर नुसते दिवसच गेले नसते. रुसलेल्या वारसाने नोटिशीवर एक हरकत लिहून दिली की नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते, आणि मग २१ डिसेंबर विसरायचा.

प्रत्यक्ष कार्यवाही

२७ नोव्हेंबरला तलाठ्याकडे अर्ज गेला. सोबत चारही वारसांची नावे, पत्ते आणि नाती एकसारख्या शब्दलेखनात. आईंचे नाव आधारवर एक आणि रेशनकार्डवर दुसरे होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच जोडले, म्हणून त्यावरून कागद परत आला नाही. ३० तारखेला फेरफार धरला गेला, नोटिसा निघाल्या. आईंनी आपली नोटीस आणि दादांच्या घरच्या पत्त्यावरची नोटीस घेतली. ताई ८ डिसेंबरला गावी येऊन जबाब देऊन आणि संमतीपत्रावर सही करून गेल्या.

सोसायटीचे कर्ज २९ नोव्हेंबरला भरले, बेबाकी दाखला ३ डिसेंबरला मिळाला. बोजा कमी करण्याचा फेरफार मुदतीत झाला नाही. त्याचा पाठपुरावाही मुद्दाम केला नाही, कारण तलाठ्याच्या टेबलावर एकाच जमिनीचे दोन फेरफार ठेवले की पहिला मागे पडण्याची भीती. दाखला फाइलला लावला.

मोजणी ही या प्रकरणातली सर्वांत बारीक बाब. भूमी अभिलेखची सरकारी मोजणी तीस दिवसांत होणे शक्य नव्हते, म्हणून खासगी सर्व्हेअर आणला. अर्जदारांनी स्वतः आधी टेप लावली होती: डांबराच्या कडेपासून मागच्या विहिरीच्या कठड्यापर्यंत ४७ मीटर. ३५ हवेत, १२ जास्तच, म्हणून निश्चिंत. सर्व्हेअरने पहिला प्रश्न विचारला, रस्त्याची हद्द कुठे? सार्वजनिक बांधकामच्या उपविभागात चौकशी केल्यावर कळले की रस्त्याची एकूण जागा ३० मीटर, मध्यापासून दोन्हीकडे १५. डांबर फक्त ७ मीटर रुंद, म्हणजे मध्यापासून साडेतीन. डांबराची कड आणि रस्त्याची हद्द यांच्यातले साडेअकरा मीटर सरकारचे होते. त्यात अर्जदार वर्षानुवर्षे कडबा रचत असत इतकेच. ४७ मधून ११.५ वजा जाता उरले ३५.५. अर्ध्या मीटरने वाचले. कठडा हातभर पुढे असता तर प्लॉट बसलाच नसता.

उत्तरेच्या कोपऱ्यावरून ११ केव्हीची विजेची तार जात होती. दर्शनी बाजू ८२ मीटरची असल्याने प्लॉट दक्षिणेला ९ मीटर सरकवला, चुन्याने रेषा मारल्या, चारही कोपऱ्यांना दगड पुरले आणि त्या रेषांवरून नकाशा केला. संमतीपत्रांतल्या चतुःसीमा याच नकाशावरून घेतल्या.

निदान घ्यायच्या होत्या. दादांच्या बाबतीत मात्र घाई नडली.

कुठे चुकले: मस्कतचे प्रतिज्ञापत्र

दादांना मसुदा पाठवला १ डिसेंबरला, मोजणीच्या आधी. त्यात लिहिले होते, “सदर जमिनीवर माझ्या भावाने पंप टाकण्यास माझी हरकत नाही.” पुस्तिकेतल्या नमुन्याचे शब्द नाहीत, प्लॉटचे माप नाही, चतुःसीमा नाहीत. दादा भारतीय दूतावासात जाऊन सही साक्षांकित करून आले, कुरिअर केले, आणि कागद ८ तारखेला हाती आल्यावर वकिलांनी तो बाजूला ठेवला. ‘हरकत नाही’ आणि ‘जागा पंपासाठी उपलब्ध करून देण्यास संमती’ या दोन गोष्टी छाननीत एक धरल्या जात नाहीत.

दुसरा मसुदा नमुन्यातून शब्दशः उतरवला. त्यातही एक जागा जपावी लागली. तोवर सातबारावर दादांचे नाव लागलेले नव्हते, म्हणून ‘सातबारावर माझे नाव असलेली जमीन’ असे लिहिले असते तर सही करण्याच्या दिवशी ते खोटे ठरले असते. त्याऐवजी ‘वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने माझा हिस्सा असलेली’ असे लिहिले, जे २०१४ पासून खरेच होते. दूतावासात पुन्हा स्वतः हजर राहावे लागते, पासपोर्ट न्यावा लागतो, दुसऱ्याला पाठवून चालत नाही. दादांनी १२ तारखेला रजा काढून सही केली. कागद १९ ला पोहोचला. परदेशात झालेल्या दस्ताला राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावता येतो, तो त्याच दिवशी लावून घेतला.

आठवडाभराचा हा फटका टाळता येण्यासारखा होता. मोजणी आधी आणि मसुदा नंतर, एवढाच क्रम बदलायचा होता.

दुसरा निर्णय: राखीव वाट

१३ डिसेंबरपर्यंत दोन गोष्टी अधांतरी होत्या, मंडळ अधिकाऱ्यांची सही आणि दादांचा कागद. त्या दिवशी पुढच्या गावच्या जमीनमालकाकडून शंभराच्या स्टँपवर पक्का प्रस्ताव करून घेतला, नोटरीसह, २१ हजार रुपये परत न मिळण्याच्या बोलीवर. ठरले असे: २० तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत फेरफार प्रमाणित झाला तर गट १, नाही तर या प्रस्तावावर गट २.

हे पैसे वाया गेले असे घरात अजून बोलले जाते. वेळेची ओढ असलेल्या अर्जात अशी राखीव वाट स्वस्तच म्हणायची. तिचा मोठा फायदा गट २ मिळण्यात नव्हता. हातात काहीच नसते तर २१ तारखेला प्रमाणित न झालेल्या फेरफारावर गट १ मध्ये अर्ज भरून टाकायचा मोह आवरला नसता. खोटा ठरलेला गट १ हा खऱ्या गट २ पेक्षा वाईट: निवड झाली तरी छाननीत अर्ज बाद, आणि भरलेली सुरुवातीची ठेवही जाते.

शेवटचे चार दिवस

हरकतीची मुदत १५ डिसेंबरला, शनिवारी संपली. सोमवारी मंडळ अधिकारी टंचाईच्या बैठकीला तालुक्याला, मंगळवारी दुसऱ्या सजात (दुसऱ्या तलाठ्याच्या हद्दीत), बुधवारी ई-फेरफारचा सर्व्हर बंद. गुरुवारी, २० तारखेला दुपारी नोंद प्रमाणित झाली. शुक्रवारी सकाळी चार नावांचा सातबारा आणि प्रमाणित फेरफाराची नक्कल हातात आली.

वकिलांचे जागेबाबतचे पत्र तयार होते, पण त्यावर तारीख होती १८. आत मजकूर असा की फेरफार प्रमाणित झाला आहे. दोन दिवस आधी लिहिलेल्या पत्रात दोन दिवसांनंतरची घटना! मसुदा आधी टाइप करून ठेवला आणि तारीख बदलायची राहून गेली, एवढेच झाले होते. अर्ज भरायच्या आधी सगळे कागद तारखेच्या क्रमाने टेबलावर मांडले म्हणून ते दिसले. पत्र २१ तारखेचे नव्याने घेतले, त्यात कर्जफेड झाली असून बोजा कमी करण्याची नोंद प्रलंबित असल्याचेही लिहिले.

शुक्रवारी रात्री अर्ज भरताना शुल्क खात्यातून गेले आणि अर्ज क्रमांक आलाच नाही. तासभर थांबून पाहिले, मग सोडून दिले. शनिवारी सकाळी पुन्हा पैसे भरले, क्रमांक मिळाला, पोच छापून घेतली. आधीचे पैसे काही दिवसांनी परत जमा झाले. हाच प्रकार सोमवारी दुपारी झाला असता तर थांबून पाहायला तासही मिळाला नसता.

निकाल

गट १ मध्ये पाच अर्ज आले. पहिल्या सोडतीत नाव दुसऱ्याच अर्जदाराचे निघाले. छाननीत त्यांचा भाडेपट्टा अर्जाच्या तारखेनंतर तीन दिवसांनी नोंदवलेला आढळला. अर्ज २३ चा, दस्त २६ चा. जागा चांगली होती, दस्तही व्यवस्थित होता. अर्ज बाद झाला.

उरलेल्या चौघांत पुन्हा सोडत झाली आणि या प्रकरणातल्या अर्जदारांचे नाव आले. त्यात कागदांचे काही श्रेय नाही, ते नशीब. कागदांनी फक्त चिठ्ठी डब्यात टिकवली. पुढे कागदपत्रे आणि सुरक्षा ठेवीच्या १० टक्के रक्कम यांसाठी दहा दिवस मिळाले. फाइल तयार असल्याने दुसऱ्याच दिवशी सगळे गेले. जागेची पाहणी करणाऱ्यांनी रस्त्याच्या हद्दीपासूनच टेप लावली. खोली ३५.४ मीटर भरली. इरादापत्र, म्हणजे पंप देण्याचा इरादा कळवणारे कंपनीचे पत्र, मिळाले.

छाननीत एकच शंका निघाली: सातबाराच्या प्रतीवर छपाईची तारीख अर्जानंतरची कशी? कारण अपलोडसाठी ताजी प्रत काढली होती. फेरफाराच्या नकलेवर प्रमाणित केल्याची तारीख २० डिसेंबर होती, त्यावर शंका मिटली. म्हणून नुसता सातबारा कधी देऊ नये, सोबत फेरफाराची नक्कल हवीच. सातबारा आजची स्थिती सांगतो, नाव कधी लागले ते फेरफार सांगतो.

काय वेगळे करता आले असते

वारसनोंद २०१४ मध्येच करायला हवी होती हे उघड आहे. अधिनियमाप्रमाणे हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. पण जाहिरात आल्यानंतरच्या तीस दिवसांतही दोन-तीन गोष्टी सुधारता आल्या असत्या. सर्व्हेअर पहिल्या आठवड्यात आणला असता तर दादांना दूतावासाची एकच फेरी पडली असती. राखीव प्रस्ताव १३ ऐवजी ३ तारखेला मागितला असता तर जमीनमालकाला आपली अडचण दिसली नसती आणि बोलीही बहुधा कमी झाली असती.

बोजाचा फेरफार मागे ठेवण्याचा निर्णय मात्र वादाचा आहे. त्या वेळी तो योग्य ठरला, पण वकिलांच्या पत्रातली प्रलंबित नोंदीची ओळ वाचून एखाद्या कडक छाननी अधिकाऱ्याने जागा निर्वेध नाही असा शेरा मारला असता तर खुलासे देत बसावे लागले असते.

दादांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट राहून गेली. त्यांच्याकडून फक्त संमतीचे प्रतिज्ञापत्र घेतले होते. इरादापत्रानंतर पेट्रोलियम नियम २००२ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला, कंपनीशी करायचे करार, बिगरशेतीचे कागद, अशा प्रत्येक टप्प्यावर चारही मालकांच्या सह्या पुन्हा लागल्या आणि ते प्रतिज्ञापत्र तिथे कामाचे नव्हते. दादा रजेवर गावी आले तेव्हा या जमिनीपुरते, या कामापुरते मर्यादित कुलमुखत्यारपत्र आईंच्या नावे नोंदवून घेतले. तोवर ना-हरकत दाखल्याची फाइल एका सहीसाठी दीड महिना तशीच पडून होती.